ॲव्रोचे दार: बडोद्यात जुळणाऱ्या विमानाचे एक प्रकरण

२०२२ ची दिवाळी नुकतीच सरली होती. भाऊबीजेच्या चकल्या अजून डब्यात होत्या, आणि नागपूरहून मामेभावाचा फोन आला. "काय बे, शेवटी नेलंच ना आमचं विमान?"

हवाई दलासाठी लागणारी सी-२९५ ही वाहतूक विमाने टाटा आणि एअरबस मिळून बडोद्यात जुळवणार, असे २७ ऑक्टोबरला संरक्षण सचिवांनी जाहीर केले होते. हा कारखाना नागपूरला, मिहानमध्ये यावा, अशी महाराष्ट्रात आशा होती. महिन्याभरापूर्वीच वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातकडे वळला होता, म्हणून जखम ताजी होती. मामेभावाचा राग मला समजत होता. आमचे घराणे चार पिढ्या बडोद्यात आहे, पण वऱ्हाडातले सोयरे तुटलेले नाहीत. त्यामुळे असे फोन येतात आणि आम्हाला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात.

फोन ठेवून मी काकांना बातमी सांगितली. काका हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे. नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी इथेच, हरणीच्या तळावर, ॲव्रो या जुन्या वाहतूक विमानांवर काढली. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ते गच्चीवर खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या आवाजावरून विमान ओळखतात. कारखाना कुठे होणार, किती कोटींचा, कोणाला नोकऱ्या, यातले काही त्यांनी विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "त्याला मागून दार आहे ना?"

त्या वेळी मला तो प्रश्न म्हाताऱ्या माणसाचा वाटला. नंतर हे प्रकरण मुळापासून वाचायला घेतले, तेव्हा कळले की काकांनी नेमक्या जागी बोट ठेवले होते. नागपूर की बडोदे या भांडणात जो प्रश्न कोणी विचारलाच नाही, तो हा: काकांच्या ॲव्रोसारखी ५६ जुनी विमाने बदलून सी-२९५ आणायची होती, तर त्याला एवढी वर्षे का लागली, आणि साठ वर्षांपूर्वी आपल्याच देशात विमान बांधत असताना आपण काय शिकलो आणि काय शिकायचे राहून गेले?

डाकोटाच्या जागी

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरले ते डाकोटा विमानांतून. पुढच्या वर्षी, २४ मे १९४८ ला, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला डाकोटा उतरवले. हवाई दलाच्या वाहतूक शाखेचा जन्म डाकोटाच्या पाठीवर झाला म्हटले तरी चालेल. पण डाकोटा १९३० च्या दशकातले विमान होते. त्यात हवेच्या दाबाची सोय नव्हती, इंजिने पिस्टनची होती. दहा वर्षांत त्याची जागा घेणारे विमान शोधणे भागच होते.

ब्रिटनमध्ये त्या वेळी ॲव्रो कंपनी अडचणीत होती. १९५७ मध्ये ब्रिटिश सरकारने संरक्षणखर्चाला कात्री लावली, आणि लढाऊ विमानांवर जगणाऱ्या कंपन्या पुन्हा प्रवासी विमानांकडे वळल्या. ॲव्रोने आखलेले ७४८ हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे छोटे, दणकट विमान डाकोटाची गिऱ्हाइके डोळ्यांपुढे ठेवूनच आखले होते. आपल्याकडे त्याला कंपनीच्याच नावाने ॲव्रो म्हणतात. जुलै १९५९ मध्ये भारताने त्याच्या निर्मितीचा परवाना घेतला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ब्रिटनमधले पहिले ७४८ उडाले २४ जून १९६० ला. म्हणजे आपण ते कागदावर असतानाच घेतले होते. आज कोणी असा निर्णय घेतला तर लोकसभेत काय होईल याची कल्पना करा. तेव्हाही टीका झालीच. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहिले.

काम सोपवले गेले एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांच्याकडे. हा माणूस हवाई दलात हवाई शिपाई म्हणून भरती झाला होता आणि हाताच्या कसबावर वर चढला होता. कानपूरला चकेरीच्या तळावर दुसऱ्या महायुद्धातली जुनी हँगर उभी होती. त्यांतच त्यांनी कारखाना मांडला. १ नोव्हेंबर १९६१ ला कानपूरचे पहिले ॲव्रो उडाले. त्याचे नाव ठेवले 'सुब्रतो'. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत निधन झाले होते, त्यांच्या स्मरणार्थ.

परवाना घेतल्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत २८ महिने. पहिल्या विमानातले बहुतेक भाग ब्रिटनहून पेट्यांत आले होते, हे खरे. तरीही जुन्या हँगरमध्ये, मोटारही धड बनत नसलेल्या देशात, २८ महिने हे थोडेथोडके काम नव्हते. १९६४ मध्ये हा कारखाना हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये सामावला गेला. पुढच्या दोन दशकांहून जास्त काळात कानपूरने एकूण ८९ ॲव्रो बांधली: ७२ हवाई दलाला, १७ इंडियन एअरलाइन्सला. जगभरात बांधलेल्या ३८० पैकी जवळपास चौथा हिस्सा आपला होता.

मंत्री, राजदूत, राष्ट्रपती याच विमानातून फिरले. वाहतूक वैमानिकांच्या कित्येक तुकड्या यावर तयार झाल्या. बडोद्याच्या ११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने, ज्यांना 'ऱ्हायनोज' म्हणजे गेंडे म्हणतात, ही विमाने अगदी परवापरवापर्यंत उडवली. डार्ट इंजिनाचा तो शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज बडोद्याच्या हरणी, वारसिया, कारेलीबाग भागातल्या माणसांना इतका सवयीचा की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले तर आम्हाला आश्चर्य वाटायचे.

दाराचा प्रश्न

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ.

ॲव्रो मुळात प्रवासी विमान. त्याचे पंख पोटाखालून जातात. त्यामुळे आतली फरशी पंखाच्या वर, आणि जमिनीपासून बरीच उंच. दार बाजूला. प्रवाशांना शिडी लावली की झाले. पण सैन्याला विमानातून माणसांबरोबर इंजिने, दारूगोळ्याच्या पेट्या, जीप, पाण्याचे पंप, जनरेटर न्यायचे असतात. काका सांगतात, "पेटी चढवायची म्हणजे आधी ट्रक मागे घ्यायचा, तो विमानाला घासता कामा नये म्हणून एकानं हात दाखवत उभं राहायचं, मग सहा जणांनी ती उचलून दारातून आत वळवायची. वळली नाही की परत खाली." त्यांच्या बोटाला अजून एक वण आहे, तो अशाच एका पेटीचा.

युद्धासाठी आखलेल्या वाहतूक विमानाची रचना उलट असते. पंख छपरावर, पोट जमिनीलगत, चाके पोटाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत, आणि शेपटीखालचा भाग खाली उघडून त्याचाच उतार होतो. हवाई दलात सगळे त्याला रॅम्प म्हणतात. जीप स्वतःच्या चाकांवर वर चढते. छत्रीधारी सैनिक दोन रांगांनी बाहेर पडतात. विमान हवेत असताना रॅम्प उघडून माल छत्र्यांनी खाली सोडता येतो. सियाचिनच्या पायथ्याशी किंवा पुरात वेढलेल्या गावात उतरायला जागाच नसते, तेव्हा हा फरक जिवाशी येतो.

हे काम सोपे नसते, आणि इथेच सगळी मेख आहे. दाबाखालच्या विमानाचा सांगाडा नळीसारखा असतो. तो ताकद देतो ते अखंड गोल असल्यामुळे. शेपटीजवळ मोठे भगदाड पाडले की तिथून जाणारा भार दुसरीकडून न्यावा लागतो. शेपूट वर उचलावी लागते, कडा जाड कराव्या लागतात, वजन वाढते. दार बदलणे म्हणजे अर्धे विमान नव्याने आखणे.

ब्रिटिशांनी तसे केले. ७४८ वरून त्यांनी अँडोव्हर बनवले. मागचा भाग नव्याने आखून रॅम्प बसवला, आणि पंख पोटाखालीच असल्यामुळे उंचीचा प्रश्न सुटावा म्हणून विमान गुडघे टेकल्यासारखे खाली वाकेल अशी चाके दिली. त्यांच्या हवाई दलाने अशी ३१ घेतली. आपण तो मार्ग धरला नाही. पुढे मूळ कंपनीने बाजूलाच मोठे मालदार असलेली आवृत्ती काढली, आणि कानपूरच्या शेवटच्या काही विमानांना तसे दार मिळाले. पण रॅम्प आला नाही.

आपल्याकडे ती गरज कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. अमेरिकन सी-११९ पॅकेट विमाने आपल्याकडे होती. त्यांचे मागचे दोन्ही दरवाजे शिंपल्यासारखे उघडत. लडाखची उंची त्यांना झेपेना, म्हणून आपल्या माणसांनी त्यांच्या पाठीवर एक जेट इंजिन चढवले, आणि २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी असे पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवले. पाच हजार मीटरच्या आसपासची ती धावपट्टी. म्हणजे दुसऱ्याचे विमान आपल्या गरजेसाठी बदलण्याची हिंमत आणि कसब दोन्ही आपल्याकडे होते. ॲव्रोच्या बाबतीतच ते नियमित काम झाले नाही.

एकदा मात्र मोठा बदल झाला. संरक्षण संशोधन संस्थेने (डीआरडीओ) ॲव्रोच्या पाठीवर फिरती रडार तबकडी बसवून हवाई टेहळणीचा प्रयोग मांडला. ११ जानेवारी १९९९ ला अरक्कोणमजवळ ते विमान कोसळले आणि त्यातले आठही जण गेले. त्यांत शास्त्रज्ञ होते. तो प्रकल्प तिथेच थांबला. ती विद्या पूर्ण विझली नाही. पुढे एम्ब्रेअरच्या विमानावर 'नेत्र' ही टेहळणी यंत्रणा आली. पण जे आठ जण गेले त्यांची आठवण काढल्याशिवाय ॲव्रोची गोष्ट सांगू नये, असे मला वाटते.

२०१२ ते २०२१

नव्या शतकात ॲव्रो म्हातारे झाले होते. डार्ट इंजिनाचे उत्पादन १९८० च्या दशकातच बंद पडले होते. सुटे भाग मिळवणे, जुन्यातून जुने काढून वापरणे, हे रोजचे झाले. जुलै २०१२ मध्ये संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने ५६ ॲव्रोच्या जागी ५६ नवी विमाने घेण्यास मान्यता दिली. मे २०१३ मध्ये परदेशी कंपन्यांना निविदा गेली. अट अशी होती: १६ विमाने तयार आणायची, ४० भारतात बांधायची, आणि ती बांधणारी भारतीय कंपनी खासगी असायला हवी. हिंदुस्तान एरोनॉटिक्सला मुद्दाम बाजूला ठेवले होते.

या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच. तोपर्यंत देशात पूर्ण लष्करी विमान बांधणारी संस्था एकच होती, आणि ती सरकारी. तिला वगळल्याबद्दल सरकारच्या आतूनच आक्षेप निघाले, काम काही काळ अडले. आक्षेपही रास्त होते: ज्यांनी कधी अख्खे विमान बांधले नाही त्यांच्या हातात हवाई दलाचे काम का द्यायचे? पण दुसरी बाजूही तितकीच खरी. सगळी विमाने, सगळी हेलिकॉप्टरे, सगळी दुरुस्ती एकाच दाराशी रांगेत उभी होती. दुसरे दार कधीतरी उघडायलाच हवे होते, आणि तंत्राने तुलनेने सोपे असे वाहतूक विमान त्यासाठी योग्य होते. पहिला धडा लढाऊ विमानावर गिरवायचा नसतो.

बोली भरण्याची मुदत पुन्हापुन्हा वाढवली गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये पेटी उघडली तेव्हा आत एकच बोली निघाली. एअरबस आणि टाटा.

माझ्या मते याचे कारण कोणत्याही कंपनीच्या हेतूपेक्षा आकड्यांत आहे. ५६ विमाने हा आकडा मधलाच. परदेशी कंपनीने भारतात नवखा भागीदार शोधायचा, त्याला शून्यापासून शिकवायचे, ४० विमानांसाठी साचे, साधने, पुरवठादार उभे करायचे, आणि चूक झाली तर जबाबदारी स्वतः घ्यायची. एवढा खर्च ४० विमानांवर वसूल होत नाही. इटलीचे सी-२७जे हे त्याच वर्गातले विमान, त्याची इंजिने सी-१३०जे हर्क्युलिसशी जुळतात आणि हर्क्युलिस आपल्याकडे आधीपासून आहे. तरी तेही शर्यतीत आले नाही. अटी लिहिताना भागीदारांच्या जागी बसून कोणी हिशेब केला नव्हता, असे म्हणायला जागा आहे.

एकच बोली आली की आपल्या नियमांत साधारणपणे पुन्हा निविदा काढतात. तसे केले असते तर आणखी पाच वर्षे गेली असती आणि बहुधा बोली पुन्हा एकच आली असती. मे २०१५ मध्ये परिषदेने एकाच बोलीवर पुढे जायला मान्यता दिली. हा निर्णय मला योग्य वाटतो, आणि त्याबद्दल कोणाचे कौतुक झालेले मी वाचले नाही. मोकळ्या स्पर्धेचा नियम चांगला आहे, पण ज्या परीक्षेला एकच विद्यार्थी बसला त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसवून गुण वाढत नाहीत.

पण मान्यता मिळाल्यापासून सही होईपर्यंत सहा वर्षे आणि काही महिने लागले, त्याचे समर्थन मला जमत नाही. चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी, कागदांच्या फेऱ्या. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने ८ सप्टेंबर २०२१ ला मंजुरी दिली आणि २४ सप्टेंबरला करार झाला, सुमारे २१,९३५ कोटी रुपयांचा. २०१५ मध्ये आकडा ११,९०० कोटींच्या आसपास बोलला जात होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'दुप्पट झाले' म्हणणे बरोबर नाही, कारण त्यात काय काय धरले आहे ते वेगळे असते आणि रुपयाही तोच राहत नाही. पण सहा वर्षे फुकट जात नाहीत, एवढे नक्की. त्या काळात काकांचे जुने सहकारी ॲव्रोच्या सांगाड्यावरचे तडे भिंगाने तपासत होते.

जे विमान आले

सी-२९५ हेही अगदी नवे विमान नाही. स्पेनच्या कासा कंपनीने इंडोनेशियाबरोबर सीएन-२३५ बनवले होते, त्याचाच हा लांबवलेला भाऊ. पहिले उड्डाण नोव्हेंबर १९९७ मधले. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची दोन टर्बोप्रॉप इंजिने, सहा पात्यांचे प्रॉपेलर, ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेग. ७१ सैनिक किंवा ५० छत्रीधारी. मालाची जागा सुमारे १२.७ मीटर लांब. छोट्या, कच्च्या धावपट्टीवर उतरते. आणि हो, मागे रॅम्प आहे.

पहिले विमान १३ सप्टेंबर २०२३ ला स्पेनमधल्या सेव्हिल इथे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल व्ही. आर. चौधरी यांनी स्वीकारले. २० सप्टेंबरला ते बडोद्यात उतरले. आदल्या दिवशी गणेशचतुर्थी झाली होती. बडोद्यात गणपती कसा असतो ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. रस्त्यावर दीड दिवसांच्या गणपतींच्या विसर्जनाची गडबड, आणि काका मात्र गच्चीवर. विमान गेले. काकांनी कान टवकारले आणि म्हणाले, "शिट्टी नाही. गुरगुरतंय." त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

पुढे २६ जानेवारी २०२४ च्या संचलनात ते दिसले. ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर पहिल्यांदा उतरले तेही हवाई दलाचे सी-२९५ होते. मामेभावाने त्याचा व्हिडिओ मला पाठवला, खाली काहीच लिहिले नव्हते. मी त्याला तडजोड समजलो. तयार येणारी १६ विमाने ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झाली.

हरणीतल्या कारखान्याची पायाभरणी ३० ऑक्टोबर २०२२ ला झाली होती आणि २८ ऑक्टोबर २०२४ ला, वसुबारसेच्या दिवशी, पंतप्रधान मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी त्याचे उद्घाटन केले. दुपारचे जेवण लक्ष्मीविलास राजवाड्यात. सगळे शहर रस्त्यावर होते.

कारखान्यात नेमके काय होते, ते समजून घ्यायला हवे. सांगाड्याचे मोठे भाग हैदराबादला टाटांच्याच कारखान्यात तयार होतात. ते बडोद्यात येतात, इथे जोडले जातात, तारा, नळ्या, इंजिने, उपकरणे बसतात, चाचण्या होतात, आणि शेजारच्या धावपट्टीवरून विमान उडते. शत्रूच्या रडारला आणि क्षेपणास्त्राला चकवणारी यंत्रणा भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि भारत डायनॅमिक्सची. संरक्षण मंत्रालयाच्या म्हणण्याप्रमाणे १३,४०० सुटे भाग आणि ४,६०० जोडभाग देशात बनतील, आणि स्पेनमध्ये एका विमानामागे एअरबस जेवढे मनुष्यतास लावते त्यातले ९६ टक्के इथे होतील. या आकड्यांत इंजिन नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे. इंजिन अजून बाहेरूनच येते, जसे कानपूरच्या काळात डार्टचे मूळ ब्रिटनमध्ये होते.

कराराप्रमाणे बडोद्याचे पहिले विमान सप्टेंबर २०२६ मध्ये आणि उरलेली ३९ ऑगस्ट २०३१ पर्यंत. म्हणजे वर्षाला सरासरी आठ. कानपूरच्या दुप्पट वेग. हे साधले तर खरोखर मोठी गोष्ट होईल.

बडोदे आणि कानपूर

बडोद्याचे नाव विमानावर याआधीही लिहिले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धात बडोदे संस्थानाने ब्रिटनला लढाऊ विमानांसाठी पैसा दिला, आणि त्यांच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'बडोदा स्क्वाड्रन' नाव मिळाले. ती स्पिटफायर विमाने उडवत असे. पैसा आपला, नाव आपले, विमान त्यांचे. त्याच्या कितीतरी आधी, १८९० मध्ये, सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले होते, जिथे सूतकाम, रंगकाम, यंत्रकाम शिकवले जाई. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. माझ्या मनात या दोन गोष्टी नेहमी शेजारी उभ्या राहतात. देणगी देऊन विमानावर नाव आणता येते. विमान कळायला कलाभवन लागते.

कानपूर हे देणगीपेक्षा खूप पुढचे पाऊल होते. तिथे हजारो हातांनी रिव्हेट ठोकले, पत्रे वाकवले, ८९ विमाने उभी केली. पण कानपूरला दुसऱ्याने काढलेला नकाशा मिळाला होता आणि तो अचूक पाळणे हेच त्याचे यश मानले गेले. नकाशा बदलायची गरज भासली तेव्हा ती कानपूरकडे नेली गेली नाही, आणि ॲव्रोनंतर त्या कारखान्याला जे मिळाले तेही परवान्याचेच विमान होते, जर्मन डॉर्नियर. मधल्या वजनाची विमाने आपण सोव्हिएत संघाकडून, एएन-३२ रूपाने, तयार आणली. ॲव्रोचा धडा घेऊन त्याच्या पुढचे, रॅम्पवाले, उंच पंखांचे विमान कानपूरने आखले असते तर २०१२ ची निविदा काढावीच लागली नसती. माझे हे म्हणणे काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आम्ही तेव्हा हेच म्हणायचो. पण फिटरचं कोण ऐकतो?"

बडोद्याच्या कारखान्यापुढे तोच फाटा येणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलासाठी ९ आणि तटरक्षक दलासाठी ६ अशी याच विमानाची सागरी टेहळणीची रूपे घेण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली. माझ्या नजरेत ती १५ विमाने पहिल्या ४० पेक्षा महत्त्वाची आहेत. त्यांत पोटाखाली रडार बसवावे लागेल, काचा बदलाव्या लागतील, आत माणसे बसून पडदे बघतील अशी मांडणी करावी लागेल. तेथे सांगाडा कापायचा निर्णय बडोद्यातला अभियंता घेतो की सेव्हिलहून फाइल येते, त्यावर पुढची तीस वर्षे ठरतील. म्हणून नागपूर-बडोदे वादात मी मामेभावाला एवढेच सांगितले होते: मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या फरशीखालचे आडवे बीम बनतात, तेही कमी दर्जाचे काम नाही. मागायचेच असेल तर आखणीचे काम मागा. जुळणी एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवता येते.

मामेभावाचा मुलगा गेल्या हिवाळ्यात बडोद्याला आला होता. नागपूरला विमान-देखभालीचा अभ्यासक्रम करतो. मी त्याला न्याय मंदिर, सूरसागर दाखवले. त्याला त्यात काही रस नव्हता. शेवटी काका त्याला स्कूटरवर मागे बसवून हरणी रस्त्यावर घेऊन गेले, आणि मी दुसऱ्या गाडीवर पाठोपाठ. आम्ही तिघे कुंपणाबाहेर तासभर उभे होतो. मग एक सी-२९५ धावपट्टीवरून उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले.

"इंजिन नको बघू," काका त्याला म्हणाले. "शेपूट बघ. खालून वर वळलेली दिसते? तिथे दार आहे."

पोराने मान वर करून विमान दिसेनासे होईपर्यंत पाहिले. मग विचारले, "आजोबा, एवढं कापलं तर मागचा भार कुठून जातो?"

काकांनी हाताने हवेत एक नळी काढली, तिच्या खालच्या बाजूने बोट फिरवले आणि थांबले. "कडेच्या दोन जाड पट्ट्यांतून जात असणार," ते म्हणाले. "पण किती जाड, ते मला नाही सांगता येणार. ते आम्हाला कुणी कधी शिकवलंच नाही. आम्हाला नट किती घट्ट करायचा, ते शिकवलं."

पोराने खिशातून फोन काढला, त्यावर बोटाने एक नळी काढली, आणि दोघे तिथेच, रस्त्याच्या कडेला, तिच्या खालचा भाग पुसत आणि पुन्हा काढत बसले.